कांदाचाळीवरची खूण

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. जिच्यापासून मी काही लपवत नाही असं सगळ्यांना वाटतं, त्या मैत्रिणीलाही नाही. माईक हातात आला की मी अर्धा-पाऊण तास थांबत नाही, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सोसलेलं आहे — पण त्या पाऊण तासात ही गोष्ट कधी आली नाही. दोन वर्षं झाली. मी येऊ दिली नाही.

मला सवय पत्रकांची. बारावीत होते तेव्हापासून लिहिते — शिष्यवृत्तीवर, पाण्याच्या टाकीवर, वसतिगृहातल्या जेवणावर. पत्रकाचं एक बरं असतं. वर प्रश्न टाकायचा, जबाबदार कोण? खाली उत्तर द्यायचं. आणि उत्तरात नाव नेहमी दुसऱ्याचं. आज लिहायला बसले तेव्हाही हात तिकडेच गेला. तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा दुसऱ्या परिच्छेदातच मी ग्रामपंचायतीवर घसरलेली. ग्रामपंचायतीचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण ते पत्रक लिहून, छापून, वाटून झालं आहे. हे ते नव्हे.

आधी मोहीम काय होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

इंटरनेटवर जो मुक्त ज्ञानकोश आहे — कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं असा — त्यात आपल्या जिल्ह्यातल्या गावांवर मराठी लेख आहेत. बरेचसे दोन ओळींचे. गावाचं नाव, तालुक्याचं नाव, संपलं. लेखात त्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले की बाजूला नकाशा उमटतो, नकाशावर खूण उमटते, आणि खुणेवर बोट टेकवलं की फोन तुम्हाला रस्ता दाखवत थेट तिथे नेऊन उभा करतो. आता ही खूण असते कुठे? बघा कधीतरी. मारुतीच्या पारावर. ग्रामपंचायतीच्या दारात. गाव म्हणजे तेवढंच. ओढ्यापलीकडची आपली वस्ती, विहार, आपल्या माणसांना जिथे शेवटचं नेतात ती जागा — नकाशावर काहीच नाही, नुसता मातीचा रंग. आणि जे दिसत नाही त्याला रस्ता द्यायचा कशाला, दिवा लावायचा कशाला, कुंपण घालायचं कशाला —

बघा, घसरलेच.

तर आम्ही ठरवलं की प्रत्येक गावाच्या लेखात वस्तीच्याही खुणा टाकायच्या. विहाराची, विहिरीची, स्मशानभूमीची. इंदिरानगरात आमचं दोन खोल्यांचं वाचनालय आहे, वरच्या मजल्यावर. तिथून काम सुरू झालं. पत्रक अर्थात मी लिहिलं. त्यात एक ओळ होती, जाड टाइपात — 'जिथे पाय टेकला नाही, तिथे खूण नाही.' घरी बसून, आकाशातून काढलेला फोटो बघून खूण ठोकायची नाही. जागेवर जायचं, उभं राहायचं, फोनवरचे आकडे उतरवायचे. साहेब लोक टेबलावर बसून गावं सरकवतात, तसं आपण करायचं नाही. ही माझी ओळ. ती मी किती ठिकाणी, किती आवाज चढवून म्हटली असेल!

म्हणायचे आम्ही सगळेच. पाळायचे एकटे निकाळे काका.

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. निमाणी स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्या त्यांनी इतकी वर्षं केल्या होत्या की सायखेड्याच्या रस्त्यावरचे थांबे ते डोळे मिटून ओळीने म्हणत — जाताना एका क्रमाने, येताना उलट्या. कोणत्या थांब्यावर कोण शिक्षिका उतरायची, कोणत्या थांब्यावर कोण नेहमी सुट्ट्या पैशांवरून भांडायचं, सगळं. मोहिमेत ते सगळ्यात वयस्कर, आणि सगळ्यात संथ. वस्तीत पोचले की आधी पाणी प्यायचे. मग ज्या जागेची खूण करायची तिथे फोन तळहातावर आडवा धरून उभे राहायचे. नकाशावर आपण उभे असतो त्या ठिपक्याभोवती एक फिकट निळं वर्तुळ असतं. ते आधी मोठं असतं, थांबलं की हळूहळू लहान होतं. आम्ही कुणी त्याच्यासाठी थांबत नव्हतो. काका थांबायचे. उन्हात, दहा-दहा मिनिटं. मग आकडे वहीत उतरवायचे, आणि वस्तीतल्या दोन माणसांना विचारायचे — हीच ना जागा? — आणि वहीत त्यांची सही घ्यायचे. सही येत नसेल त्यांचा अंगठा. एका पानावर एक गाव.

मी त्यांची थट्टा करायचे. एकदा म्हटलं, काका, जिल्ह्यात गावं किती, तुमचं वय किती, जमतंय का बघा. ते म्हणाले, "घाई असेल त्याने जीप पकडावी, पोरी. एसटी थांब्यावर थांबते."

आम्ही हसलो. मी पण.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. काकांचे थोरले भाऊ शेवटची काही वर्षं सगळं विसरत गेले होते. आधी नावं, मग घर, मग जेवलो की नाही हे. सिन्नर फाट्यावरून त्यांना कुणीतरी ओळखीच्याने परत आणलं होतं, पायात चप्पल नव्हती. काका हे सांगताना नेहमी मधेच थांबायचे. मग म्हणायचे की आपल्याला सगळं चालेल — गुडघे जाऊ दे, डोळे जाऊ दे — डोकं जायला नको. म्हणून ते थांबे पाठ म्हणून बघायचे. आम्हाला वाटायचं हौस आहे. हौस नव्हती, ते स्वतःला तपासत होते. हे मला माहीत होतं. मला — हे ठळक करून सांगते — आधीपासून माहीत होतं.

आता तो रविवार.

चौदा एप्रिलच्या जयंतीआधी शंभर गावं पूर्ण करायची असा माझाच आग्रह होता. कुणी मागितली नव्हती शंभर. मला हवी होती. पत्रकात शंभर चांगलं दिसतं. शेवटच्या रविवारी वाचनालयात सगळ्यांनी एकत्र बसून वह्यांतले आकडे लेखांत भरायचे असं ठरलं. सात लॅपटॉप, एक इंटरनेट. ज्ञानकोशात एका जोडणीवरून एका दिवसात ठरावीकच नवी खाती उघडता येतात. आमची पाच-सहा उघडली आणि मग ते बंद झालं. राहिलेल्यांनी काय करायचं? मी म्हटलं, मोहिमेचं एक खातं आहे, त्याच्यावरूनच भरा सगळे. एका खात्यावर अनेकांनी लिहायचं नाही असा तिथला नियम आहे. मला ठाऊक होता. इतरांनी नियम मोडले की मी पत्रक काढते, हाही नियमच माझा.

म्हणजे झालं असं की कोणत्या लेखात काय भरलं, किती वाजता भरलं, हे ज्ञानकोश कायमचं लिहून ठेवतो. पण कुणाच्या बोटाने भरलं — ते त्याला त्या दिवशी कळत नव्हतं. ते फक्त भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर होतं. प्रत्येक गाव, पुढे ज्याच्याकडे ते दिलं त्याचं नाव, आणि भरून झालं की बरोबरची खूण.

दुपारी चारच्या सुमारास नव्व्याण्णव झाली. पाहुणे पाचला येणार होते. एक राहिलं होतं — सायखेड्याच्या पुढचं, गोदावरीच्या काठचं एक गाव, नाव लिहीत नाही. ते काकांकडे होतं. काका म्हणाले, तिथे अजून गेलो नाही, मंगळवारच्या गाडीने जातो, बुधवारी भरतो. इतकं साधं. मी म्हटलं बरं. काका पाहुण्यांना रस्ता सापडायचा नाही म्हणून खाली कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले.

खोलीत बाकीचे खुर्च्या लावत होते. मी लॅपटॉपसमोर बसले. त्या गावाचा आकाशातून काढलेला फोटो उघडला. नदी दिसली, गाव दिसलं, गावापासून जरा बाजूला, नदीच्या अंगाला, एकटंच एक लांबट पत्र्याचं छप्पर दिसलं. चकाकणारं. भोवती घरं नाहीत. अजून काय हवं? स्मशानभूमीचीच शेड. मी छपरावर बाण नेला, आकडे उचलले, लेखात टाकले. दशांशचिन्हानंतर सहा आकडे. सहा आकडे म्हणजे वीतभर जागेपर्यंत अचूक — कुणीही वाचलं तरी त्याला वाटावं की इथे कुणीतरी तळपायाला माती लावून उभं होतं. मग उठले, भिंतीवरच्या कागदावर काकांच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

किती वेळ लागला असेल? चार मिनिटं?

पाहुणे आले. मी शंभर म्हटलं. टाळ्या झाल्या. काका पहिल्या रांगेत होते, कागदाकडे पाठ करून, आणि सगळ्यात जोरात टाळ्या तेच वाजवत होते; बुधवारचं गाव धरूनच मी शंभर म्हटलं असं त्यांना वाटलं असणार. नंतर जयंतीची धावपळ सुरू झाली, कागद गुंडाळून कपाटावर गेला, काकांना पाणपोईचं काम लागलं आणि त्यांचा मंगळवार राहून गेला. मी पण विसरले. खरंच विसरले. विसरणारी मी होते — पुढे हे लक्षात ठेवा.

जून संपता-संपता दादाभाऊ आले. त्या गावातल्या वस्तीतले, द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला पिंपळगावला जातात. वस्तीची स्मशानभूमी नदीकाठी आहे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नेतात, पण कागदावर ती कुठेच नाही. आणि आता तिथूनच कसला तरी रस्ता काढायचं घाटत होतं. म्हणून जागा नोंदीत घ्या असा वस्तीने तहसील कार्यालयात अर्ज केला होता. अर्जाला कुणीतरी आमच्या ज्ञानकोशातल्या लेखाची छापील प्रत जोडली होती. अभिमानाने जोडली होती — बघा, आमचं इथे लिहिलेलं आहे. साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी तो दुवा फोनवर उघडला आणि फोन दाखवेल तसे चालत निघाले. सगळी वस्ती मागे.

फोनने त्यांना कांद्याच्या चाळीपाशी नेलं.

आपल्याकडे शेतात कांदा साठवायला लांब, उंच, पत्र्याच्या छपराची चाळ बांधतात, हे नाशिकच्या माणसाला मी काय सांगायचं? वाऱ्याला बरी म्हणून गावापासून बाजूला, मोकळ्यावर बांधतात. वरून बघितली तर काय दिसणार — पत्रा. मी याच जिल्ह्यात जन्मले. माझ्या मामाची चाळ आहे. लहानपणी तिच्या सावलीत झोपले आहे. आणि मला ती ओळखू आली नाही, कारण मला ती ओळखायचीच नव्हती. मला शंभर हवी होती.

दादाभाऊंनी वाचनालयात बसून ते जसं सांगितलं ते तसंच लिहिते. "चाळवाला बाहीर आला. म्हन्ला, माझ्या चाळीत कांदा हाय, मढं नाय. समदे हासले, ताई. सायेब बी हासला. माझ्या आईला मी तितं नदीला जाळलं, आन मलाच म्हन्ले, तुमाला तुमची जागा तरी ठाव हाय का?"

साहेबांनी कागदावर लिहिलं — जागा निश्चित नाही. आणि गेले.

खोलीत आम्ही नऊ-दहा जण होतो. कुणीतरी तो जुना कागद कपाटावरून काढून उलगडला. गावासमोर काकांचं नाव, नावासमोर खूण. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी पिशवीतून वही काढली. एक-एक पान उलटत गेले. अंगठ्याला थुंकी लावून, तिकिटं मोजल्यासारखे. शेवटपर्यंत गेले, परत पहिल्यापासून आले.

"वहीत नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी गेलेलो नाही. गेलो नाही तर भरणार कसा? दुसऱ्या कुणी भरलं असेल."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं — काका, ते मी भरलं. पाच शब्द तरी होतात का? मला चार-चार पानं अस्खलित लिहिता येतात. समोर दादाभाऊ बसलेले, ज्यांना मीच दोन वर्षं सांगत होते की लढा कागदाने लढायचा. बाजूला ती सगळी पोरं, ज्यांना मी म्हटलं होतं की पाय टेकल्याशिवाय खूण नाही. आणि कुणाचाही माझ्यावर संशय नव्हता. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तरी बाकीच्यांनी म्हटलं असतं की त्या दिवशी गडबड होती, कुणाकडून तरी झालं, सोडा. गोष्ट तिथे मिटली असती. मी गप्पसुद्धा बसले नाही.

मी म्हटलं, "काका, तुम्हीच भरलंत. माझ्यासमोर. विसरलात तुम्ही."

मऊ आवाजात म्हटलं. माझा आवाज इतका मऊ मीही कधी ऐकला नव्हता.

का म्हटलं? पकडली जाईन म्हणून? पण कुणी पकडत नव्हतं. 'दुसऱ्या कुणी' हे शब्द काकांच्या तोंडून आले आणि मला वाटलं, आता शोध सुरू होणार — एवढंच. मी दार लावून घेतलं, आणि दार लावायला हाताला जे लागलं ते वापरलं. हाताला काय लागलं? ज्या एका गोष्टीला तो माणूस घाबरायचा, ती. मला ती कुठे ठेवलेली आहे हे माहीत होतं म्हणून.

काका माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर कदाचित — नाही, ते वाक्य मी लिहिणार नाही. ते असं बघत होते की जणू माझ्या चेहऱ्यावर त्यांना तो प्रसंग सापडेल. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, असेल. दादाभाऊंपुढे हात जोडले, चूक झाली म्हणाले. दादाभाऊ उलट त्यांचीच समजूत काढायला लागले. वय झालं की होतं, बाबा.

मी त्यांना चहा आणून दिला.

पुढच्या रविवारी मी स्वतः त्या गावाला गेले. निमाणीवरून, एसटीने. दादाभाऊंनी जागा दाखवली. शेड नव्हतीच तिथे. तीन काळे पडलेले दगड आणि एक बाभळ. वर्तुळ लहान होईपर्यंत थांबले, आकडे उतरवले, दोघांच्या सह्या घेतल्या. परत येऊन लेख दुरुस्त केला. तिथे दुरुस्त करणं सोपं असतं. जुने आकडे पुसायचे, नवे टाकायचे, खाली कारण लिहायचं. मी लिहिलं, 'खूण चुकीच्या जागी होती.' जणू ती आपली आपण चालत गेली होती. पुढे दुसरी पाहणी झाली, जागा नोंदीत आली, वस्तीने पेढे पाठवले. सभेत माझं कौतुक झालं की चूक दुसऱ्याची असूनही ताईंनी धावपळ करून निस्तरली. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आणि काका?

आधी ते म्हणाले, आता तुम्ही पोरं करा, मी वह्या बघतो. मग वह्याही बघेनात, म्हणाले नजरचूक होईल. मग यायचेच थांबले. एकदा त्यांच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. ती म्हणाली की बाबा आता एकटे बाहेर पडत नाहीत, बसने तर नाहीच. गॅस बंद केला का हे तीन-तीनदा उठून बघतात. स्वतःच चिठ्ठी लिहून घेतली आहे — नाव, घरचा पत्ता, मुलाचा नंबर — आणि शर्टाच्या खिशात ठेवतात. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. आणि मग ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर किती सांभाळून घेतलंत. बाबा अजून सांगतात, पोरीने आवाजसुद्धा चढवला नाही."

तिने माझे आभार मानले. मी ते घेतले.

मी भेटायला जायचे. म्हणजे दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा ते टीव्हीसमोर बसले होते, आवाज बंद करून. मी थांब्यांचं काढलं — म्हटलं, सायखेडा म्हणून दाखवा की काका. त्यांनी सुरुवात केली. चांगले चार-पाच म्हटले, बरोबर म्हटले, आणि मग पुढचा थांबा तोंडावर आलेला असताना स्वतःच थांबले. "बरोबर जातोय ना मी?" मला विचारलं. मला! मला तर ते थांबे कधी येतच नव्हते.

दुसऱ्यांदा गेले ती डॉक्टरांच्या तपासणीनंतर. मुलाने नेलं होतं. बऱ्याच चाचण्या केल्या — चित्रं ओळखा, शंभरातून सात-सात वजा करा, मघाशी सांगितलेले शब्द परत सांगा. डॉक्टर म्हणाले, काहीही नाही, वयाच्या मानाने उत्तम आहे, काळजी सोडा. वैशालीने हे मोठ्या आनंदाने सांगितलं आणि पोहे करायला आत गेली. ती आत गेल्यावर काका जरा पुढे सरकले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरला काय माहीत? त्याने चित्रं दाखवली. पण तुझ्यासमोर झालं होतं ना, पोरी? तू बघितलं होतंस ना?"

डॉक्टरच्या कागदापेक्षा माझा शब्द मोठा होता. कळतंय का तुम्हाला? त्या माणसाने स्वतःच्या वहीवर, स्वतःच्या आठवणीवर, शिकलेल्या डॉक्टरवर — सगळ्यांवर माझा शब्द ठेवला. पोरगी चळवळीतली आहे, खोटं कशाला बोलेल?

मी म्हटलं, सोडा ना काका आता ते.

हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही. पहिलं खोटं निदान घाईत बोलले होते. या वेळी घाई नव्हती. पोह्यांचा वास येत होता, खिडकीत कबुतरं होती, आमच्या दोघांशिवाय खोलीत कुणी नव्हतं, आणि तो माणूस जवळजवळ विनवत होता की तू नाही म्हण. मी पोहे खाऊन घरी आले. त्यानंतर गेले नाही. काम फार आहे असं वैशालीला सांगते. काम फार असतंच.

तुम्ही म्हणाल, आता का लिहितेस? मी या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं, चांगलं लांबलचक होतं, त्यात चळवळीची जबाबदारी वगैरे होती. ते फाडलं. खरं असं आहे की गेल्या महिन्यात नव्या पोरापोरींचं शिबिर झालं, आणि एका मुलीने उठून विचारलं की वहीत नोंद नसताना खूण भरली गेली तर काय करायचं. मी उत्तर द्यायच्या आधी आमच्यातल्याच एकाने तिला सांगितलं — तसं एकदा झालं होतं, एक काका होते, बिचाऱ्यांचं डोकं शेवटी-शेवटी जरा — आणि त्याने कपाळापाशी बोट फिरवलं. काही जण हसले. वाईट मनाने नव्हे. निकाळे काका आमच्या शिबिरात आता एवढेच उरले आहेत. कपाळापाशी फिरवलेलं एक बोट.

मी त्या वेळीही पुढचा मुद्दा घेतला.

हे लिहून झालं की छापायला देण्याआधी मी काकांकडे जाणार आहे. वैशाली घरी असेल अशी वेळ बघून. त्यांच्यासमोर हे वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, काही न गाळता. म्हणजे तुमच्या हातात हा अंक असेल तेव्हा ते होऊन गेलेलं असेल. ते काय म्हणाले, दार उघडलं की नाही, हे इथे मी लिहिणार नाही. ते माझं नाही, त्यांचं आहे.

इथे फक्त जे माझं आहे ते लिहिते. कोणत्याही शिबिरात, कुणीही विचारलं तर, असंच सांगावं. निकाळे काका त्या गावाला गेले नव्हते, आणि गेलो नाही असंच ते म्हणाले. त्यांची वही बरोबर होती. ते काही विसरले नव्हते. लेखात ते आकडे गेले तेव्हा काका खाली कोपऱ्यावर उन्हात पाहुण्यांची वाट बघत उभे होते. लॅपटॉपसमोर मी होते.